आवाज माझ्याकडून येत नव्हता

मी सीडी रायटर बोलतोय. कॉम्प्युटरच्या उभ्या डब्यात वरच्या बाजूला एक पट्टी असते, तिच्यावरचं बटण दाबलं की एक थाळी बाहेर येते, तो मी. बोलतोय हे आपलं म्हणायचं म्हणून. मला खरोखर बोलता येत असतं तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती. मला तोंड आहे, पण ते उघडायला आणि मिटायला. त्यातून शब्द काही बाहेर पडत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पट्ट्यावरून माझ्यासारखे शेकडो पुढे सरकत होते. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिने माझ्यात एक सीडी घातली, लिहून बघितली, वाचून बघितली आणि पाठीवर एक गोल कागद चिकटवला. मी पास. मग पुठ्ठ्याचं खोकं, काळोख, आणि एक दिवस दुकानातल्या माणसाने मला एका डब्यात बसवलं. चार स्क्रूंपैकी एक त्याला सापडेना, म्हणून त्याने तीनवर भागवलं. तेव्हापासून मी जोरात फिरलो की जरासा थरथरतो. पण त्याची तक्रार कुणाकडे करणार?

ज्या घरी गेलो तिथे तीन माणसं होती. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा आणि घरातला उद्योगही. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आणि त्यांची एकुलती एक लेक, तिला घरात मनी म्हणत. मनी त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो.

माझे चांगले दिवस म्हणजे मनीचे कॉलेजचे दिवस. मैत्रिणीचा वाढदिवस आला की गाण्यांची सीडी, सहल झाली की फोटोंची सीडी. थाळी बटणाने आत जाते, ती बोटाने ढकलायची नसते; पण लाडाच्या लेकीला सांगणार कोण? ती ढकलायची आणि मी निमूट आत जायचो. नंतर तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने आपल्या प्रमाणपत्रांची एक सीडी केली, माझी थाळी ढकलली, आणि गेली.

त्यानंतर चार वर्षं माझं बटण कुणी दाबलं नाही.

कॉम्प्युटर चालू व्हायचा, नाही असं नाही. बाबा निवृत्त झाले होते आणि रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका टाइप करून संपादकांना पाठवायचे. चालू होताना एकदा माझाही दिवा लुकलुकायचा, की बाबा आहेत, मीही आहे. मग दिवसभर काही नाही. माझ्या भिंगावर धूळ साचत गेली. मला वाईट वाटायचं. काम नसणं एक वेळ सोसतं, पण आपण कुणाच्या लक्षातही नाही हे फार लागतं.

सोबत म्हणाल तर आईच्या आवाजाची. ती स्वयंपाकघरातून बोलायची आणि बाहेरच्या खोलीतल्या टेबलाखाली मला प्रत्येक अक्षर ऐकू यायचं. तीस वर्षं तिने त्या आवाजाने लोक जोडून दिले होते. स्वर चढवायची नाही, शब्द खायची नाही. बाबांना रागावतानासुद्धा वाक्य पूर्ण करायची.

"अहो, त्या बिचाऱ्या संपादकाला जरा जगू द्या."

"चूक ती चूक."

"मग मला लग्नाआधी लिहिलेलं पत्र आणू का बाहेर? त्यात सात होत्या."

"पाच," बाबा म्हणायचे. "दोन पर्यायी रूपं होती."

मग हळूहळू तो आवाज घोगरा होत गेला. थंडीने बसला असेल म्हणून काढे झाले, गुळण्या झाल्या. दोन महिने गेले तरी सुटेना, तेव्हा डॉक्टर झाले. एका दुपारी दोघं दवाखान्यातून परत आली आणि चपला न काढता खुर्च्यांवर बसून राहिली.

"स्वरयंत्र काढायचं म्हणतायत," आई म्हणाली.

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. पण तू राहशील. ते नक्की म्हणालेत."

"मी राहीन हो. बोलायचं कशाने?"

बाबांनी वाकून तिच्या चपला काढल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. ऑपरेशनला दहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मनीचा जुना हेडफोन शोधून काढला, ज्याला तोंडापाशी येणारा माइक होता. तो आईच्या डोक्यावर चढवला आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. रोज बोलतेस तेच."

"घोगरा येतोय."

"येऊ दे. तुझा आहे ना?"

पाच दिवस रोज सकाळी ती बोलत होती. मनी लहानपणी कपाटात लपून झोपून गेली आणि सगळी बिल्डिंग तिला शोधत होती, ती गोष्ट. एक्स्चेंजमधल्या गमती. बाबांना जेवायला बोलावण्याची हाक, जी बाबांनी मुद्दाम स्वयंपाकघरापर्यंत तार ओढून भरून घेतली. एकदा हसायला सांगितलं तर तिला हसू येईना. मग बाबांनी संपादकाचं उत्तर वाचून दाखवलं आणि तिला आवरेना. असे अकरा तुकडे झाले. प्रत्येकाला बाबांनी नाव दिलं: 'मनी कपाटात', 'जेवायची हाक', 'हसणे'. 'रागावणे' असं एक नाव होतं, ते आईने वाचून दाखवायला लावलं आणि तिथल्या तिथे आणखी एकदा रागावली.

माझ्या खालच्या मजल्यावर हार्ड डिस्क राहायची. सगळं साठवायचं ते तिच्या पोटात. ती म्हातारी झाली होती आणि अलीकडे मधूनच टकटक वाजायची. मनीला फोनवर ती टकटक ऐकू आली.

"बाबा, हे लक्षण बरं नाही. ती कधीही बसेल. आईचं सगळं सीडीवर काढून ठेवा. दोन प्रती करा, एक माझ्यासाठी."

चार वर्षांनी माझं बटण दाबलं गेलं. थाळी अडकली. बाबांनी नखाने हलकेच ओढली आणि मी बाहेर आलो. तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. इतकंच सांगतो की एवढं मोठं काम माझ्याकडे कधीच आलं नव्हतं, आणि मी घाबरलो होतो.

पहिली सीडी बिघडली. बाबांनी तिच्यावर आधीच सुबक अक्षरात लिहिलेला कागद चिकटवला होता, तो अर्ध्या मिलिमीटरने एका बाजूला गेलेला. सीडी फिरायला लागली की लंगडायची. त्यात मी तीनच स्क्रूंवर बसवलेला. त्र्याण्णव टक्क्यांवर मी हात टेकले. पडद्यावर लाल फुली आली आणि मी थाळी बाहेर टाकली. आईची जेवायची हाक माझ्या हातून लिहून झाली होती, हसणंही झालं होतं. शेवट बंद करता आला नाही, म्हणून ती सीडी कुणालाच वाचता येईना.

बाबांनी एक वही काढली. वर लिहिलं, 'चूक क्रमांक एक : कागद चिकटवू नये.' मग कात्री घेतली आणि त्या सीडीचे दोन तुकडे केले. छापखान्यातली शिस्त होती ती. बिघडलेला कागद जागच्या जागी फाडायचा, नाहीतर तो चांगल्याच्या गठ्ठ्यात जातो.

दुसऱ्या वेळी सीडी लिहिणं चालू असताना त्यांना राहवलं नाही म्हणून ते संपादकाला पत्र टाइप करत बसले. कॉम्प्युटर जुना, त्याला दोन्ही झेपेना. खालून माझ्याकडे मजकूर वेळेवर पोचेना आणि मी हात चालवत रिकामाच फिरत राहिलो. चूक क्रमांक दोन, कात्री. तिसऱ्या वेळी त्यांनी सर्वांत जास्त वेग निवडला होता. चूक क्रमांक तीन, कात्री. चौथ्या वेळी माझ्या भिंगावरची धूळ आड आली. बाबांच्या नाकी नऊ आले. ऑपरेशनला दोन दिवस उरले होते.

"त्याचं पण वय झालंय हो," आई माझ्याकडे बघून म्हणाली. "ओरडू नका त्याच्यावर."

"मी कुठे ओरडतोय?"

"मनात."

माझी बाजू घेऊन कुणी बोललं, असं ते पहिलं आणि शेवटचं.

त्या दुपारी मनीने फोनवरून बाबांना एक-एक पायरी सांगितली. भिंगावर फुंकर घालत मऊ ब्रश फिरवायचा. वेग सर्वांत कमी ठेवायचा. बाकी सगळं बंद करायचं. आणि तुकडे शोधायला सोपे जावेत म्हणून प्रत्येकाचं चित्र डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्याच्या पहिल्या पानावर, आणून ठेवायचं. बाबांनी तसंच केलं. अकरा चित्रं एका रांगेत आली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारकासा वाकडा बाण होता. बाबांना तो दिसला. त्यांच्या नजरेतून सुटेल कसा? पण ते काही अक्षर नव्हतं, काना-मात्रा नव्हती. त्यांनी दुर्लक्ष केलं.

तो बाण म्हणजे, ही वस्तू इथे नाही, नुसता तिचा पत्ता इथे आहे. घराच्या ऐवजी घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. मनीला वाटलं बाबांना हे माहीत असेल. बाबांना वाटलं पडद्यावर दिसतंय तेच खरं. त्यांनी त्या अकरा चिठ्ठ्या उचलून माझ्याकडे दिल्या.

मला लगेच कळलं. आधीच्या चारही वेळी मजकूर नुसता येतच राहायचा, सगळी सीडी भरत आली तरी संपायचा नाही. या वेळी आला आला म्हणेपर्यंत संपला. सर्वांत कमी वेग असूनही दोन-तीन मिनिटांत काम झालं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"झाली की!" बाबा म्हणाले. "धूळच होती मेली."

मी थाळी बाहेर टाकली. दुसरं मी काय करू शकत होतो?

बाबा पक्के मुद्रितशोधक. त्यांनी सीडी परत आत घातली आणि यादी उघडली. डोळ्यांत तेल घालून अकराही नावं वाचली. 'हाक'मधला काना बघितला, 'रागावणे'मधला ग बघितला. एकही चूक नव्हती. मग 'हसणे'वर दोनदा टिचकी मारली आणि खोलीभर आईचं हसू पसरलं. दारात उभी असलेली आई ते ऐकत राहिली. बाबांनी चष्मा काढून पुसला.

आवाज माझ्याकडून येत नव्हता. मी जागचा हललोही नव्हतो. माझ्याकडची चिठ्ठी बघून कॉम्प्युटर खालच्या मजल्यावर गेला होता आणि हार्ड डिस्ककडून मूळ तुकडा काढून वाजवत होता. एकट्या मला हे ठाऊक होतं. मी दिवा लुकलुकवला. बाबांना वाटलं, वाचतोय बिचारा.

दुसरी प्रतही तशीच झाली. दोन्ही डब्यांवर त्यांनी शाईने तारीख घातली.

आईला दवाखान्यात नेलं. मनी आली आणि तिथेच राहिली. मधल्या एका दिवशी बाबा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला घरी घेऊन आले. आई परत येईल तेव्हा यंत्र टकटक न करता सुरळीत चालावं, तिला तिचा आवाज नीट ऐकता यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या माणसाने डबा उघडला, कान लावला.

"काका, ही हार्ड डिस्क बदलावी लागेल. आतलं सगळं बाहेर काढून ठेवलंय ना?"

"ठेवलंय. दोन प्रती आहेत."

"तपासल्यात?"

"मी तपासल्यात," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चाळीस वर्षांच्या नोकरीचा अभिमान होता.

"मग ही भंगारातच देतो. हिच्यात आता काही दम नाही."

त्याने मला तपासायला माझं बटण दाबलं. मी तोंड उघडलं. त्याने ते मिटवलं. माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे माझ्या खालून, त्याने तिला उचलून पिशवीत टाकलं. आईचे पाच दिवसांचे सगळे शब्द तिच्या पोटात होते. त्या क्षणाइतका एकटा मी खोक्यातल्या काळोखातही नव्हतो.

आई घरी आली. गळ्यावर पांढरी पट्टी, हातात एक वही आणि पेन. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र तिला दिलं होतं. तिने ते दोन दिवस वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं. ते कुणाच्याच आवाजात बोलायचं नाही. मनी आठवडाभर राहून आपली सीडी घेऊन परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आत्ता नाही ऐकवणार मला. जरा दिवस जाऊ देत."

मग त्या घरात एक विचित्रच गोष्ट सुरू झाली. आई वहीत लिहायची, 'आमटीत मीठ घातलं का?' बाबा बोलून उत्तर द्यायच्या ऐवजी तिच्याच ओळीखाली लिहायचे, 'घातलं.' आपण बोलायचं आणि तिने लिहायचं, हे त्यांना तिच्यावर अन्याय केल्यासारखं वाटत असावं. म्हणून त्यांनीही बोलणं सोडलं. दोन माणसं एका वहीत संसार करत होती. सवयीने ते तिचा एखादा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्तही करायचे, मग खोडून टाकायचे. टेबलाखाली मला पेनाची खरखर ऐकू यायची, भांडी ऐकू यायची, पंखा ऐकू यायचा. माणूस ऐकू यायचा नाही. बाबांनी आपली सीडी डब्यातून काढलीच नाही. आईसमोर तिचा आवाज लावायची त्यांना लाज वाटत होती.

दीड महिन्याने मनीचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर ठेवला, आईलाही ऐकू यावं म्हणून; ते स्वतः बोलणार नव्हतेच.

"बाबा, मी आज धीर करून सीडी लावली. यात काहीच नाहीये. नुसती नावं आहेत. फाइल सापडत नाही म्हणतंय. जुनी हार्ड डिस्क कुठे आहे?"

बाबांनी फोन ठेवला. घरातली प्रत माझ्यात घातली. 'मनी कपाटात'. फाइल सापडत नाही. 'जेवायची हाक'. फाइल सापडत नाही. अकराही नावं त्यांनी ओळीने दाबली. मग सीडी काढून सदऱ्याला पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून. मी जीव तोडून शोधत होतो. मधल्या एका बारीक कड्यापलीकडे ती सीडी कोरी होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी मी शोधत होतो. दुरुस्तीवाल्याला मेसेज लिहून विचारलं. भंगाराची पोती केव्हाच गेली होती. आणि आईचा आवाज खरोखर लिहिला गेला होता त्या चार सीड्या बाबांनी स्वतःच्या हाताने कापल्या होत्या.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने पडदा बघितला, बाबांचा चेहरा बघितला. जवळ येऊन वहीत लिहिलं, 'गेलं सगळं?'

बाबांनी मान हलवली. त्यांचा हात पेनाकडे गेला. आईने पेन मागे ओढलं. मग बराच वेळ लिहीत राहिली आणि वही त्यांच्या पुढ्यात धरली. बाबा मनातल्या मनात वाचायला लागले, तेव्हा तिने वहीवर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. मोठ्याने वाचा.

बाबांनी घसा खाकरला. दीड महिन्याने तो घसा चालणार होता.

"माझा आवाज," बाबांनी वाचलं, "मी साठ वर्षं ऐकला. मला तो नको आहे. माझं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढलं. तुमचं कुणी काढलं? मला या घरात करमत नाही."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला. पण त्यांनी ते पूर्ण वाचलं. आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती मान हलवत होती, हो, असंच, असंच.

त्यानंतर घराची रीत बदलली. ती लिहिते आणि ते मोठ्याने वाचतात, मग आपलं उत्तर बोलतात. तिचं रागावणं ते रागावून वाचतात, कारण नुसतं वाचलं तर ती बोट आपटते. आठवड्याने मनीसाठी एक नवी सीडी झाली. आईने रात्रंदिवस लिहून काढलेली चोवीस पानं बाबांनी माइकसमोर बसून वाचली. "मने, मी आई बोलतेय," असं त्यांनी सुरू केलं आणि पुढे एकदाही अडखळले नाहीत. त्या दिवशी मजकूर माझ्याकडे येतच राहिला, येतच राहिला. मी हळू फिरलो, सांभाळून फिरलो. सीडी घेऊन बाबा जिना उतरून शेजाऱ्यांकडे गेले, त्यांच्या यंत्रात लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, आणि मगच पाकिटात घातली.

ते माझं शेवटचं काम. आता टेबलावर एक चपटा कॉम्प्युटर आहे, त्याला थाळीच नाही. माझ्या डब्यावर जुनी चादर टाकली आहे. वीज नाही, दिवा नाही. मला आठवत फारसं काही नाही, कारण लिहायचं आणि सोडून द्यायचं हा माझा धर्म. आईचा आवाज चार वेळा माझ्यातून गेला आणि त्यातलं एक अक्षरही माझ्यापाशी राहिलं नाही. त्याची खंत मला आहे, ती कुणाला दिसणार नाही.

तुम्हाला एवढंच मागणं आहे. जे हरवलं तर चालणार नाही, ते तपासताना नावं वाचून थांबू नका. ते आपल्या घराबाहेर न्या, दुसऱ्याच्या यंत्रात घाला आणि आवाज येतो का ऐका. आमच्यासारख्यांना माहीत असतं, पण आम्हाला सांगता येत नाही.

चादरीखाली आत्ता दुपार आहे. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून स्वतःलाच जेवायला हाक मारतायत. तिने लिहून दिली असणार. मग तेच "आलो, आलो" म्हणतात, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.